पन्हे आणि पानक : उत्सवातील गोड पेयांची परंपरा

सण-उत्सवांच्या वर्णनात नैवेद्याच्या पक्वान्नांना मोठा मान मिळतो. गणेशचतुर्थीचे मोदक, होळीची पुरणपोळी, गौरीपूजनाचे घावन-घाटले यांची महती घरोघरी सांगितली जाते. त्या ताटाशेजारी ठेवलेल्या पेल्याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. वास्तविक आपल्या धर्मपरंपरेत पेयाचे स्थान स्वतंत्र आहे. पक्वान्न पंक्तीला बसलेल्यांना वाढले जाते, तर पन्हे किंवा पानक उन्हातून दारी आलेल्या प्रत्येकाच्या हाती दिले जाते. त्यासाठी पाट मांडावा लागत नाही, पंगत धरावी लागत नाही, आणि घेणारा कोण हे विचारण्याची प्रथाही नाही. देवाला अर्पण झालेले पेय तहानलेल्यापर्यंत पोहोचणे हाच या उपचाराचा पूर्वापार अर्थ आहे. चैत्र-वैशाखात दर्शनास येणाऱ्या भाविकांनी आणि पन्ह्याची सेवा करू इच्छिणाऱ्या देणगीदारांनी तो समजून घेणे उपयुक्त ठरेल.

'पा' म्हणजे पिणे या संस्कृत धातूपासून 'पानक' हा शब्द सिद्ध झाला. मराठीतील पन्हे, कन्नडमधील पानक, तेलुगूतील पानकमु, तमिळमधील पानकम् आणि ओडियातील पणा ही सर्व एकाच कुळातील नावे होत. गूळ किंवा साखर, पाणी, एखादे आंबट फळ आणि सुगंधी अथवा तिखट द्रव्य एवढ्यावर हे पेय सिद्ध होते. ते आंबवलेले नसते आणि मादकही नसते. पूजाविधीतही पाण्याला जागा आहे. नैवेद्य दाखवताना मध्येच 'मध्ये पानीय' म्हणून पाणी समर्पण केले जाते, कारण जेवणाऱ्याला घासाघासाच्या मध्ये पाणी लागते. देवालाही तहान लागते असे मानणारी ही भक्ती आहे. तीच भक्ती दारी आलेल्याच्या तहानेकडे दुर्लक्ष कसे करील?

चैत्रगौरीचे पन्हे

महाराष्ट्रात पन्ह्याचा खरा उत्सव म्हणजे चैत्रगौर. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, महिनाभर माहेरपण भोगते. अंगणात चैत्रांगण रेखाटले जाते. सोयीच्या एखाद्या दिवशी आरास मांडून हळदीकुंकू करतात. आलेल्या स्त्रियांवर गुलाबपाणी शिंपडायचे, हाताला अत्तर लावायचे, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची, आणि मग कैरीची डाळ व पन्हे द्यायचे, असा हा क्रम अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

या क्रमात एक बारकावा आहे. हळदीकुंकवाचा मान परंपरेने सुवासिनींचा समजला गेला, पण पन्ह्याला ती अट कधीच नव्हती. आईच्या पदराला धरून आलेली मुले, घरातली वडीलधारी विधवा आत्या, धुण्याभांड्याला येणारी बाई, पत्र देण्यासाठी दाराशी आलेला पोस्टमन, सर्वांना त्याच पातेल्यातले पन्हे मिळत असे. अलीकडे पुष्कळ घरांत हळदीकुंकवालाही सर्व स्त्रियांना समभावाने बोलावले जाते, हे स्वागतार्हच आहे. पन्ह्याच्या पेल्याने ती वाट आधीच दाखवून ठेवली होती, असे म्हणता येईल.

ऋतूचा हिशेबही येथे अचूक आहे. चैत्रात आंबा पिकलेला नसतो, परंतु कोय धरलेली घट्ट कैरी बाजारात आणि झाडाखालीही मुबलक असते. पिकण्याआधीच्या आंबट फळाचा उत्तम उपयोग म्हणजे पन्हे. कैऱ्या उकडून त्यांचा गर कुस्करायचा, गराच्या आंबटपणानुसार गूळ घालायचा, वेलदोड्याची पूड, केशर आणि चिमूटभर मीठ घालून थंड पाणी मिसळायचे. काही घरांत कैरी उकडण्याऐवजी निखाऱ्यावर भाजतात. त्या पन्ह्याला धुरकट वास येतो आणि तो आवडणारे लोक उकडलेल्या पन्ह्याकडे वळूनही पाहत नाहीत. कच्च्या कैरीच्या किसाचे पन्हे अधिक तरतरीत लागते, मात्र ते टिकत नाही, त्याच दिवशी संपवावे लागते. साखरेचे पन्हे रंगाने नाजूक आणि केशराला खुलवणारे, तर गुळाचे पन्हे गडद आणि भरीव चवीचे. हा वाद घराघरांत जुना आहे आणि तो मिटवण्याचे काही कारण नाही.

या पाककृतीची वंशावळ मोठी आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदीय ग्रंथात कच्चा आंबा पाण्यात उकडून, हाताने कुस्करून, साखर, थंड पाणी, कापूर आणि मिरी घालून करावयाचे प्रपानक सांगितले आहे. आजची गृहिणी हेच करते. कापराच्या जागी वेलदोडा आला एवढाच फरक. तेथेच चिंचेचे आणि लिंबाचे पानकही येते. विशेष असे की आंब्याच्या या प्रपानकाचे जनकत्व ग्रंथकार भीमसेनाकडे देतात. अज्ञातवासात विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राहिलेल्या भीमाशी पाककौशल्याचे नाते लोकमानसाने जोडले, त्याचाच हा एक धागा होय.

रामनवमी : येथे सुंठवडा, तेथे पानक

रामजन्म चैत्र शुद्ध नवमीला भर माध्यान्ही होतो. महाराष्ट्रातील राममंदिरांत कीर्तन रंगते, बारा वाजता पाळणा हलतो, फुले उधळली जातात आणि सुंठवड्याचा प्रसाद वाटला जातो. दक्षिणेत त्याच क्षणी हाती येतो तो पानकाचा पेला. कर्नाटकात पानक, कोसंबरी आणि ताक. तमिळनाडूत पानकम् आणि नीर मोर, म्हणजे पातळ ताक. आंध्र व तेलंगणात पानकमु आणि वडपप्पु, म्हणजे भिजवलेली मूगडाळ, असा तो बेत असतो. गोमंतक आणि कारवार भागातील सारस्वत घरांनाही रामनवमीचे पानक परिचित आहे.

दोन्हींतील द्रव्ये शेजारी ठेवून पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. सुंठवड्यात सुंठ आहे आणि गोडवा आहे. पानकातही सुंठ आहे आणि गूळ आहे. बाळंतिणीला आणि जन्मोत्सवाला आलेल्या आप्तेष्टांना द्यावयाचे तेच औषधी गोड एका प्रांताने कोरडे ठेवले, दुसऱ्याने पाण्यात विरघळवले. दक्षिणेतील पानकात आंबट फळ असेलच असे नाही. गूळ, पाणी, सुंठ, मिरी आणि वेलदोडा एवढेच घटक पुरेसे होतात. कोणी वरून लिंबू पिळतात, कोणी तुळशीची पाने घालतात. उन्हाळी पेयात सुंठ-मिरी कशाला, असा प्रश्न प्रथम पिणाऱ्याला हमखास पडतो. त्याचे उत्तर आयुर्वेदाच्या विचारात आहे. गुळाचे पाणी पचण्यास जड मानले गेले आहे आणि उन्हाने मंदावलेल्या भुकेला दीपन-पाचन करणाऱ्या सुंठ-मिऱ्यांची जोड आवश्यक समजली गेली आहे.

मंगलगिरीचा पानकप्रिय नृसिंह

पानक हाच ज्या देवाचा मुख्य नैवेद्य आहे असे क्षेत्र म्हणजे आंध्र प्रदेशातील गुंटूर जिल्ह्यातील मंगलगिरी. येथे नृसिंहाची तीन स्थाने आहेत : पायथ्याशी लक्ष्मीनृसिंह, डोंगरावर पानकाल नृसिंह आणि माथ्यावर गंडाल नृसिंह. डोंगरावरील देवाचे रूप म्हणजे खडकातील उघडे मुख. भाविकाने आणलेले गुळाचे पानक पुजारी शंखाने त्या मुखात ओततात. ओतताना घोट घेतल्यासारखा आवाज होतो आणि काही वेळाने तो थांबतो. देवाने अर्धे प्राशन केले आणि अर्धे भक्तासाठी ठेवले, असे मानून उरलेले पानक प्रसाद म्हणून परत दिले जाते. एवढा गूळ सांडूनही तेथे मुंग्या दिसत नाहीत, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

नमुची राक्षसाच्या वधानंतर उग्र झालेल्या नृसिंहाला देवांनी अमृत अर्पण केले आणि तो शांत झाला, अशी तेथील स्थळकथा सांगते. पुढे कृतयुगात अमृत, त्रेतायुगात तूप, द्वापरयुगात दूध आणि कलियुगात पानक, असा नैवेद्याचा क्रम त्या क्षेत्री सांगितला जातो. हा क्रम वाचताना उतरती भाजणी वाटेल. प्रत्यक्षात त्यात सामान्य भक्ताची सोय पाहिलेली आहे. अमृत देवांनाच मिळणार, तूप ज्याच्या घरी दुभते आहे त्याला. गूळ आणि पाणी मात्र कोणालाही आणता येते. देवाने अर्धेच घेऊन अर्धे परत करणे हाही या क्षेत्राचा मोठा संकेत आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंहजयंतीला, कर्नाटक-आंध्रातील अनेक घरांत पानकाचा नैवेद्य होतो. नीरा-नरसिंहपूर ज्यांचे कुलदैवत आहे अशा महाराष्ट्रातील कुटुंबांनाही हा दिवस जवळचा आहे.

जे पेय कोणीच पीत नाही

ओडिशात मेष संक्रांतीचे नावच 'पणा संक्रांती' आहे. त्या दिवशी पिकलेल्या बेलफळाच्या गराचा पणा घरोघरी करतात. अंगणातील तुळशीवर तळाला छिद्र पाडलेले मातीचे भांडे टांगून उन्हाळाभर थेंब थेंब पाणी पडत राहील अशी व्यवस्था केली जाते. महाराष्ट्रातील शिवमंदिरांत चैत्र-वैशाखात पिंडीवर लावली जाणारी गळती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

त्याहून विलक्षण आहे तो पुरीच्या जगन्नाथाचा 'अधर पणा'. आषाढी एकादशीला पंढरपुरात वारकऱ्यांची दाटी असते, त्याच दिवशी पुरीत मुख्य मंदिरासमोर परतलेल्या रथांवर देवांचा सुवर्णवेश होतो. आणि दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, तिन्ही रथांवर उंच निमुळती मडकी ठेवली जातात. मडक्यांची उंची देवांच्या ओठांपर्यंत पोहोचेल एवढी असते, म्हणून 'अधर' हे नाव. जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांना प्रत्येकी तीन अशी एकूण नऊ मडकी असतात. दूध, छेना, साखर, केळी, कापूर, जायफळ, मिरी अशा द्रव्यांनी ती भरलेली असतात. नैवेद्य झाला की सेवेकरी ती मडकी रथावरच फोडतात आणि सारे पेय रथावरून वाहू लागते. ते कोणीही पीत नाही. रथाभोवती वावरणारे अतृप्त आत्मे, भुतेखेते, रथावरील पार्श्वदेवता यांच्यासाठी ते आहे. त्याच्या प्राशनाने त्या जीवांना सद्गती मिळते, अशी श्रद्धा आहे. लाखो भाविक समोर उभे असताना एवढे उत्तम पेय वाहून जाऊ देणे वरकरणी उधळपट्टी वाटेल. परंतु ज्याला कोणी बोलावत नाही, ज्याच्या नावे कोणी पान वाढत नाही, त्याचीही तहान देवाच्या दारी भागली पाहिजे, हा विचार इतक्या स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच आढळतो.

जलदान आणि इतर पेये

चैत्र-वैशाखातील जलदानाचे माहात्म्य धर्मशास्त्रीय निबंधग्रंथांनी आवर्जून सांगितले आहे. वाटेवर प्रपा, म्हणजे पाणपोई, घालणे, अक्षय्यतृतीयेला पितरांच्या नावे उदककुंभ देणे, ही त्याची प्रचलित रूपे. खानदेशात आखाजीला घागर पुजली जाते ती याच भावनेने. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी घेऊन चढणारे, जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचवणारे, सप्तशृंगीच्या पायऱ्या चढणारे भाविक पाहिले म्हणजे हे विधान कोणत्या अनुभवातून आले असेल ते सांगावे लागत नाही.

शरद ऋतूत पेय बदलते. कोजागरीला आज केशर, बदाम, पिस्ते, चारोळी आणि जायफळ घातलेले आटीव दूध चांदण्यात ठेवून पितात. जुन्या व्रतविधीत मात्र लक्ष्मी आणि इंद्र यांच्या पूजेनंतर नारळाचे पाणी आणि पोहे यांना स्थान आहे. कोकणातील काही घरांत ती आठवण अजून जपली जाते. उत्तरेकडे महाशिवरात्र आणि होळीला बडीशेप, खसखस, मगज, मिरी, गुलाबपाकळ्या व बदाम वाटून केलेली थंडाई असते. पंचामृत हे अभिषेकाचे द्रव्य असल्याने त्याचा विचार पेय म्हणून करता येत नाही. तीर्थ म्हणून ते पळीभरच घ्यावयाचे असते.

पन्ह्याची सेवा करू इच्छिणाऱ्यांसाठी

यात्रेच्या दिवशी पन्हे वाटण्याची सेवा पुष्कळ भाविक करतात. शंभर जणांना प्रत्येकी दीडशे मिलिलिटरप्रमाणे १५ लिटर पन्हे लागते. त्यासाठी सुमारे ४ किलो कैरी, अडीच ते तीन किलो गूळ, २० ते २५ ग्रॅम वेलदोड्याची पूड, चवीपुरते मीठ आणि अंदाजे ११ लिटर पाणी असा हिशेब धरावा. कैरी मिळत नसेल तर सुंठीचे पानक करावे : १५ लिटरला दोन ते अडीच किलो गूळ, ४० ग्रॅम सुंठ आणि १५ ग्रॅम मिरी पुरते. गुळाचे पाणी गाळून घेणे आवश्यक आहे, कारण उत्तम गुळातही चिपाडाचे कण राहतात.

भांड्यांविषयी जुन्या बायकांचा कटाक्ष योग्यच होता. कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट पन्हे ठेवले तर ते कळकते आणि पोटास अपाय करते. देवापुढील नैवेद्याची वाटी चांदीची असो वा पितळी, वाटपाचे पन्हे स्टेनलेस स्टीलच्या पिंपात किंवा मातीच्या माठात ठेवावे. पाणी उकळून गार केलेले अथवा खात्रीने शुद्ध केलेले असावे. शक्यतो बर्फ टाळावा. घालायचाच असेल तर तो खाण्यायोग्य असल्याची खात्री करून घ्यावी. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळणे महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंधनकारक करण्यात आले, ते दोन्हींतील फरक चटकन कळावा म्हणून. बाजारी अर्क, कृत्रिम रंग आणि सॅकरिन यांनी केलेले हिरवेगार 'पन्हे' स्वस्त पडते, पण नैवेद्याला चालणार नाही असे पेय भाविकाला देण्यात सेवा कसली? पैसे कमी असतील तर पेले कमी भरावेत. साधे माठाचे थंड पाणी आणि गुळाचा खडा दिला तरी ती पूर्ण सेवा आहे.

मधुमेह असलेल्या भाविकांसाठी बाजूला साधे ताक अथवा पाणी ठेवून तसे फलकावर लिहावे; प्रसाद नाकारताना त्यांना संकोच वाटू नये. घामावाटे गेलेले पाणी भरून निघण्यास गूळ व मीठ घातलेले पेय उपयोगी पडते, हा अनुभव शास्त्रानेही मान्य केला आहे. आतड्यात साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी लवकर शोषले जाते. याच तत्त्वावर तयार केलेल्या मीठ-साखर-पाण्याने १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचले. तथापि पन्ह्यात साखरेचे प्रमाण त्या औषधी द्रावणाहून पुष्कळ अधिक असते. जुलाब होत असलेल्या रुग्णाला पन्हे न देता औषधालयात मिळणारी जलसंजीवनीच द्यावी, आणि उन्हाने भोवळ येऊन शुद्ध हरपलेल्याला तोंडाने काहीही न पाजता सावलीत नेऊन ओल्या कापडाने अंग पुसावे व तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी.

वाटपाची जागा बहुधा महाद्वाराजवळ निवडली जाते, कारण तेथे देणगीदाराचे नाव सर्वांना दिसते. गरज मात्र रांगेच्या शेपटाकडे असते. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत, जेथे मांडव संपून ऊन सुरू होते तेथे पिंप ठेवावे. लहान मूल कडेवर असलेल्या आया, काठी टेकत आलेले वृद्ध, रांग सोडता न येणारे अपंग यांच्यापर्यंत सेवेकऱ्यांनी पेला स्वतः नेऊन द्यावा. झाडलोट करणारे सफाई कामगार, बंदोबस्तावरील पोलीस आणि चप्पल सांभाळणारी मुले रांगेत नसतात, म्हणून ती हमखास राहून जातात. त्यांचे पेले आधी काढून ठेवावेत. रिकामे पेले टाकण्यासाठी पिंपाशेजारीच डबा असावा आणि सांडलेले गोड पाणी लगेच धुवून काढावे, अन्यथा तासाभरात तेथे माश्या जमतात आणि अनवाणी भाविकांचे पाय चिकट होतात.